रिपोर्ट तुमच्याच लॅबचा आहे ना, मग विश्वास का नाही?

ठाण्यात नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तंत्रज्ञ म्हणून काम करते. रक्त घेणे, ते तपासणे आणि रिपोर्ट डॉक्टरांच्या सहीसाठी पुढे पाठवणे एवढे माझे काम आहे. निदान करणे किंवा औषध सुचवणे हे नाही. तरीही पावसाळा सुरू झाला की काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणारी माणसे शिकलेली, समंजस आणि बहुधा नुकतीच मोठ्या काळजीतून सुटलेली असतात. "ताई, डेंग्यूत परवा प्लेटलेट २८ हजार होत्या. पपईच्या पानांचा रस सुरू केला आणि आज ७४ हजार आल्या. रिपोर्ट तुमच्याच लॅबचा आहे, मग तुमचा विश्वास का नाही?" प्लेटलेटच्या जागी कधी बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारे पिवळे द्रव्य) असते, कधी साखर, पपईच्या जागी गुळवेल, काविळीची माळ किंवा होमिओपॅथीच्या गोळ्या असतात. मागे रांग उभी असताना दिलेले उत्तर तुटक होते आणि समोरच्याला ते उर्मटपणाचे वाटू शकते, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

रिपोर्ट खरा आहे, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, वाढल्या हेही खरे आहे. त्या कशामुळे वाढल्या, हे मात्र त्या कागदावर कुठेही लिहिलेले नसते आणि ते रक्ताच्या एका नळीतून कळतही नाही.

डेंग्यूचा क्रम साधारण ठरलेला असतो. पहिले दोन-तीन दिवस ताप जोरात असतो, पण प्लेटलेट बऱ्याचदा ठीक असतात. नंतर त्या उतरू लागतात, आजाराच्या पाचव्या-सहाव्या दिवसाच्या आसपास तळ गाठतात आणि एकदा शरीराने विषाणूवर मात केली की बहुतेक रुग्णांमध्ये आपोआप, आणि बऱ्यापैकी वेगाने, वर येतात. आता घरच्या माणसांचे पाहा. दीड लाखाचा आकडा एक लाखावर आला म्हणून कोणी पपईची पाने शोधायला निघत नाही. तो तीस हजारांवर आला की सगळे घर हादरते, वर्तकनगरची मावशी फोनवर उपाय सांगते, शेजारी पाने आणून देतात आणि रस सुरू होतो. म्हणजे तो नेमका तळाच्या दिवशी सुरू होतो. त्या दिवशी रुग्णाला काहीही दिले, तरी दोन दिवसांनी आकडा बहुधा वाढलेलाच दिसणार असतो. म्हणूनच आमच्या काउंटरवर एकाच आठवड्यात पपईचे, किवीचे आणि शेळीच्या दुधाचे असे सगळेच यशस्वी अनुभव ऐकायला मिळतात. त्याच आठवड्यात वागळे इस्टेटमध्ये खोली करून एकटा राहणारा एखादा मुलगाही रिपोर्ट न्यायला येतो. त्याला रस काढून द्यायला कोणी नसते, डॉक्टरांनी सांगितले म्हणून तो भरपूर पाणी आणि ओआरएस पीत राहतो, आणि त्याच्याही प्लेटलेट वाढलेल्या असतात. पण तो पैसे देतो आणि निघून जातो. काहीही न घेता बरे झालेल्या माणसाला सांगायला गोष्टच नसते, त्यामुळे ती कोणाच्या कानावर पडत नाही.

शिवाय या आकड्याकडे जरा जवळून पाहिले पाहिजे. रक्त गोठू नये म्हणून जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए नावाचे द्रव्य असते. काही जणांच्या प्लेटलेट त्या द्रव्यात एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात, आणि यंत्र अशा गुठळीला प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. रुग्ण ठणठणीत असतो आणि यंत्र ४० हजार दाखवते. अशा वेळी आम्ही काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाच्या तेलाच्या भिंगाखाली बघतो. पट्टीच्या शेपटाकडे गुठळ्या दिसल्या, तर निळ्या झाकणाच्या, सायट्रेट असलेल्या नळीत पुन्हा रक्त घेतो आणि अनेकदा आकडा लाखाच्या वर निघतो. जिथे ही फेरतपासणी होत नाही, तिथे पहिला खोटा आकडा आणि दुसरा खरा आकडा यांच्यामध्ये जे काही पोटात गेले असेल, ते औषध ठरते.

पपईच्या पानांवर भारतात आणि मलेशियात काही चाचण्या झाल्या आहेत, हे मी मुद्दाम सांगते, कारण ते लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. अर्क घेणाऱ्यांच्या प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्या, असे त्यांपैकी काहींमध्ये दिसले आहे. पण त्यातल्या बऱ्याच चाचण्या लहान आहेत, आणि कोणाला अर्क दिला आहे हे काही ठिकाणी रुग्ण व डॉक्टर दोघांनाही माहीत होते. मुख्य म्हणजे त्यामुळे रक्तस्राव किंवा मृत्यू कमी होतात, हे सिद्ध झालेले नाही. आपल्याला माणूस वाचवायचा असतो. आकडा वाढवणे हे त्याच्या इतके जवळचे काम नाही, जितके ते काउंटरवर उभे असताना वाटते.

याचा सर्वांत चांगला पुरावा आधुनिक वैद्यकातूनच मिळतो, आणि "तुम्ही ॲलोपॅथीवाले आपल्यांना वेगळा नियम लावता" या आक्षेपाचे उत्तरही त्यात आहे. डेंग्यूत प्लेटलेट खूप उतरल्या की बाहेरून प्लेटलेट चढवायच्या, ही पद्धत वर्षानुवर्षे चालू होती. दाते शोधताना नातेवाइकांची किती धावाधाव होते, हे प्रत्येक ठाणेकराने पाहिलेले आहे. सिंगापूर आणि मलेशियातील डॉक्टरांनी ही पद्धतच तपासायला घेतली. प्लेटलेट २० हजार किंवा त्याहून कमी असलेल्या, पण गंभीर रक्तस्राव नसलेल्या ३७२ प्रौढ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले आणि एकाच गटाला प्लेटलेट चढवल्या. २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला निष्कर्ष असा होता की चढवल्यामुळे रक्तस्राव टळत नाही, उलट अंगावर पित्त उठण्यासारखे त्रास वाढतात. कोविडमधल्या प्लाझ्माचेही, म्हणजे बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातला द्रव आजाऱ्याला चढवण्याचेही, तेच झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत प्लाझ्माचा फायदा दिसला नाही. तो निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तरी पुढच्या एप्रिलमध्ये प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्लाझ्मादात्यांसाठी आर्जवे चालूच होती, आणि मे २०२१ मध्ये तो उपचार मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला. वगळायला उशीर झाला, याचे मला आजही वाईट वाटते. पण तो वगळला गेला, आणि ज्यांनी दिला होता त्यांच्याच व्यवसायाने वगळला. माझा विश्वास आहे तो या पद्धतीवर, कोणत्याही एका पॅथीवर नाही.

"मग आयुर्वेदात काहीच नाही का?" हा पुढचा प्रश्न. आहे, आणि ते मुंबईतच दाखवले गेले. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे शतकानुशतके वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना ती देऊन, रक्तदाब मोजून, नोंदी ठेवून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला आणि सर्पगंधा जगभर पोहोचली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले गेले. पुढे या औषधाने काही रुग्णांना नैराश्य येते असे नोंदवले गेले, मात्रा कमी केली गेली, आणि अधिक सुरक्षित औषधे आली तसा वापर घटला. हा सगळा प्रवास मला अभिमानाचा वाटतो. मुळीत गुण होता, तो मोजता आला. दोषाची शंका आली, तीही उघडपणे मांडली गेली. आपल्या वनस्पतींचा याहून मोठा सन्मान कोणता, हे मला खरोखर सुचत नाही.

गुळवेलीबद्दल बोलतानाही मी हीच मोजपट्टी लावते. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या आणि यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केली, आणि आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. सहा रुग्णांवरून गुळवेल दोषी ठरत नाही, कारण तिथेही तुलनेला दुसरा गट नाही, पण काविळीचा रुग्ण आला की "काढा घेत होतात का?" एवढे विचारण्याइतका तो इशारा पुरेसा आहे, आणि आमच्या डॉक्टर मॅडम ते आवर्जून विचारतात.

माझा जीव सर्वांत जास्त तुटतो तो काविळीच्या माळेपायी. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: रानवनस्पतीच्या ओल्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे विशिष्ट गाठीने दोऱ्यात अडकवून आखूड माळ करतात आणि ती रुग्णाच्या डोक्यावर ठेवतात. दिवस जातात तशी माळ लांब होते, डोक्यावरून गळ्यात आणि गळ्यातून छातीवर येते, आणि माळ वाढली म्हणजे कावीळ उतरली असे मानतात. काड्या सुकून आकसतात, गाठींतला ताणलेला दोरा मोकळा होतो, म्हणून माळ वाढते. ती खुंटीला टांगून ठेवली तरी वाढते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे गावोगावी करून दाखवत आले आहेत. तरीही माळ देणाऱ्याकडे रांगा लागतात, कारण त्याच्याकडची बहुतेक माणसे खरोखर बरी होतात. पावसाळ्यात दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुसंख्य लोकांमध्ये काही आठवड्यांत आपली आपणच ओसरते.

पण कावीळ हा एक आजार नाही, ते लक्षण आहे. काही वर्षांपूर्वी कळव्याहून एक गृहस्थ दर आठवड्याला बिलिरुबिन तपासायला येत. गळ्यात माळ होती. पहिला आकडा ६ होता, मग ९, मग १४. रक्त गरगर फिरवून वेगळे करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रातून नळी बाहेर काढली की वरचा द्रव एरवी फिकट गवती रंगाचा असतो. त्यांचा तपकिरी-केशरी झाला होता. विषाणूच्या काविळीत एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे द्रव्य) अनेकदा हजारात जाते. त्यांचे थोडेसेच वाढलेले होते, आणि पित्ताची वाट अडली की वाढणारे अल्कलाइन फॉस्फटेज मात्र कितीतरी पट होते. म्हणजे यकृतापेक्षा पित्ताच्या वाटेत काहीतरी अडले असण्याचा संभव जास्त होता. अंगाला खाज सुटते आणि शौचाचा रंग पांढुरका झाला आहे, हे त्यांनी विचारल्यावर सांगितले. मॅडमनी स्वतः त्यांच्या मुलीला फोन केला, सोनोग्राफी झाली, पित्तनलिकेत खडा निघाला आणि तो दुर्बिणीने काढला गेला. माळ तोपर्यंत छातीवर आली होती आणि तिच्या हिशेबाने ते बरे होत आले होते. अशा अडथळ्यामागे स्वादुपिंडाचा कर्करोगही असू शकतो, आणि तिथे गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. गरोदर बाईची गोष्ट आणखी वेगळी: शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला, तर मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाते. तिला माळ घालून घरी बसवणे मला सहन होत नाही आणि अशा वेळी मी माझ्या कामाची मर्यादा ओलांडून बोलते.

कधी कधी गुण खरोखर औषधानेच येतो, पण पुडीत काय आहे हे कोणी सांगितलेले नसते. गुडघेदुखीवर आणि दम्यावर "शुद्ध वनौषधी" म्हणून विकलेल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडल्याच्या नोंदी अनेक आहेत. अशी माणसे आमच्याकडे वाढलेल्या साखरेसाठी येतात. चेहरा गोल झालेला असतो, गुडघे मात्र महिनोन्महिने छान असतात. सकाळचे कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवते ते स्टिरॉइड, तपासले तर ते कधी जवळजवळ शून्यावर आलेले दिसते, कारण बाहेरून मिळणाऱ्या स्टिरॉइडमुळे शरीराने स्वतःचे बनवणे थांबवलेले असते. ती पुडी एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी लागते.

होमिओपॅथीबद्दल थोडक्यात. २०२० साली सोसायट्यांमध्ये वाटलेल्या आर्सेनिकम अल्बम ३० या गोळ्यांतला '३०' म्हणजे शंभरपट विरलीकरण (पातळ करणे) ३० वेळा. बाराव्या विरलीकरणाच्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूही उरण्याची शक्यता जवळजवळ संपते, आणि प्रयोगशाळेत काम करणारी मी हा हिशेब बाजूला ठेवू शकत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यास तपासून, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा कोणत्याही आजारात नाही, असे म्हटले आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी अर्धा तास शांतपणे ऐकून घेतले म्हणून बरे वाटले, असे मला अनेक जण सांगतात, आणि ते मला पटते. आमच्याकडच्या दवाखान्यांत तो अर्धा तास मिळत नाही, ही तक्रार रास्त आहे.

तेव्हा पपईचा रस पिऊ नका, असे मी कोणाला म्हणत नाही. तो कडूजहर असतो, त्याने उलट्या झाल्या तर लगेच थांबवा, कारण डेंग्यूत पाणी पोटात टिकणे सर्वांत महत्त्वाचे आहे. आणि प्लेटलेटच्या आकड्यापेक्षा रुग्णाकडे बघा, विशेषतः ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात, पण रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा धोका बहुधा त्याच वेळी असतो. पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, रुग्ण गळून जाणे किंवा अस्वस्थ होणे, यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टची वाट पाहू नका, रात्र असली तरी रुग्णालय गाठा.