तुम्ही विचारलंत म्हणून : गेनिझातल्या बायका

मध्ययुगातल्या ज्यू स्त्रियांविषयी बोलले की एक प्रश्न हमखास येतो : ग्रंथ पुरुषांनी लिहिले, निवाडेही पुरुषांनीच दिले, मग बायकांचा इतिहास आणता कुठून?

उत्तर फुस्तातपासून, म्हणजे जुन्या कैरोपासून सुरू होते. ईश्वराचे नाव असलेला कागद नष्ट करायचा नाही, या संकेतामुळे तिथल्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) ‘गेनिझा’ नावाच्या कोठडीत शतकानुशतके कागद साचत गेले आणि धर्मग्रंथांच्या पानांबरोबर विवाहाचे करार, मृत्युपत्रे, हिशेब, भांडणेही टिकली. केंब्रिजचे अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी १८९६-९७ मध्ये त्यांतले सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिजला नेले. (त्यांना या मागावर लावणारे पान अ‍ॅग्नेस लुइस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींनी प्रवासातून आणले होते, हे सांगायचे बहुधा राहून जाते.)

याच कागदांत करीमा भेटते. लोक तिला वुह्शा म्हणत. ती ‘दल्लाला’ होती. आपला ‘दलाल’ त्याच अरबी शब्दाच्या कुळातला. हस्सून नावाच्या पुरुषापासून तिला मूल होणार होते आणि पितृत्व पुढे नाकारले जाऊ नये म्हणून तिने त्याला आपल्या घरात पाहणारे साक्षीदार मुद्दाम उभे केले. योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या पवित्र उपवासाच्या दिवशी तिला सिनेगॉगमधून बाहेर काढण्यात आले. तरी मृत्युपत्रात तिने सिनेगॉगांना देणग्या ठेवल्या, मुलाच्या शिक्षणाची सोय केली आणि हस्सूनला मात्र छदामही देऊ नये असे लिहवले. तिची ओळख गेनिझाचे अभ्यासक एस. डी. गॉइटाइन यांनी करून दिली, ते श्रेय त्यांचेच. पण वुह्शाला नवलाची बाई म्हणून बाजूला न ठेवता, कोणत्या कायद्याच्या आणि पैशाच्या बळावर तिला हे जमले, असे विचारणे हे मला स्त्रीवादी अभ्यासाचे खरे काम वाटते.

मात्र वुह्शा सापडल्याच्या आनंदात अशूचा विसर पडतो. अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याने ११३२ मध्ये मंगळूरला या भारतीय दासीला मुक्त केले, तो दस्तऐवज उपलब्ध आहे. त्यात तिला बेराखा हे नवे नाव दिले आहे, पण बोलणारा तोच आहे. ११४९ मध्ये एडनला परतल्यावर त्याने भावंडांना पत्र लिहिले. त्यात (बहुधा अशूपासून झालेल्या) मुलांचा उल्लेख आहे, तिचा नाही.