रानातलं खत आणि समुद्रातलं पीक

तासगाव-पलूसकडचे बागायतदार भेटले की प्रश्न ठरलेला. "आमच्या रानातला युरिया, डीएपी धुपून कृष्णेत जातो. मग समुद्रात पीक जोमात येत असेल की?" तुम्हीही परवा तेच विचारलंत, म्हणून लिहितो.

नदीच्या मुखाजवळ येतं थोडंफार. किनाऱ्यापासून लांब नाही. समुद्राचं पीक म्हणजे वनस्पतिप्लवक, पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. त्यांना लागणारं नत्र आणि स्फुरद मुख्यतः येतं ते खालच्या गार, अंधाऱ्या पाण्यातून. ते वर आलं तर पीक. अरबी समुद्रात पावसाळी वारे सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यावरचं पाणी भर समुद्राकडे लोटतात आणि खालचं वर येतं. आपली कृष्णा महाबळेश्वरी उगवते, अरबी समुद्र तिथून ६५ किलोमीटरच्या आसपास. पण ती १४०० किलोमीटर चालून जाते बंगालच्या उपसागराला. तिथे गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती यांचं गोडं, हलकं पाणी वर पसरलेलं असतं. वाऱ्याला ते सहज घुसळता येत नाही आणि खालचं खत खालीच राहतं.

खत किती, यावर तिथे कोण जगणार हे ठरतं, आणि मला खरी मजा यातच वाटते. भरपूर असेल तिथे डायटम नावाचे प्लवक माजतात: आकाराने मोठे, वाढीला झपाट्याचे. उष्ण, उपाशी पाण्यात प्रोक्लोरोकॉकससारखे जीव टिकतात. आकार जेमतेम ०.६ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा, म्हणून कणभर नत्रावरही भागतं. इतके बारीक की १९८० च्या दशकापर्यंत त्यांचा पत्ताच लागला नव्हता! यांच्यापासून माशापर्यंत पोचायला मधे खाणारे फार, म्हणून मासळी कमी.

आता तुमच्या युरियात नसलेली गोष्ट: सिलिका, म्हणजे वाळूत आणि काचेत असतं ते द्रव्य. डायटमचं कवच तिचंच असतं, त्यांना ती साधारण नत्राइतकी लागते. नदीत ती येते खडक झिजून, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातूनही. धरणाच्या साठलेल्या पाण्यात डायटम वाढतात आणि ती घेऊन तळाशी बसतात. शेतातलं नत्र वाढत गेलं आणि सिलिका अडत गेली, तर किनाऱ्यावर डायटमऐवजी दुसरंच काही माजू शकतं, कधी विषारीसुद्धा.

२००९ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांबरोबर दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर लोह टाकून पाहिलं. प्लवकांना थोडं लोहही लागतं; तिथे नत्र मुबलक, लोहाची वानवा. पीक वाढलं, पण बेताचंच. सिलिका आधीच संपलेली, डायटम उठलेच नाहीत. जे बारीक जीव वाढले त्यातले बरेचसे प्राणिप्लवकांनी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांनी, फस्त केले. माती न तपासता पोतं रिकामं केलं, असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही नक्की म्हणाल.