काकडी, बैल आणि ओंडका : इस्तंबूलमध्ये ऐकलेल्या सौम्य शिव्या

इस्तंबूलच्या आशियाई बाजूस असलेल्या कादिकॉय भागात फिरताना तेथील बाजारांइतक्याच आवडीने मी लोकांच्या तोंडच्या सौम्य शिव्या ऐकल्या. एका चहाच्या बागेत दोन वृद्ध गृहस्थ ‘तावला’ हा फासे-सोंगट्यांचा खेळ खेळत होते. डाव संपताच जिंकलेल्या आजोबांनी पट मिटला, तेथील रीतीप्रमाणे तो हरलेल्याच्या काखेत दिला आणि ‘एशेक’, म्हणजे गाढव, असे म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली. हरलेल्याने ‘केराता’ असे उत्तर दिले. हा शब्द लबाडाला लावतात आणि खोडकर नातवालाही लाडाने म्हणतात. पुढचा चहा मात्र हरलेल्यानेच मागवला.

भाजीबाजारात काकडीला ‘सालातालिक’ म्हणतात. ‘हियार’ हा काकडीचाच जुना शब्द आहे; परंतु अडाणी, उर्मट माणसासाठी तो इतका रुळला आहे की शहरातील अनेक जण भाजी घेताना तो टाळतात. रांगेत घुसणारा किंवा बेदरकार गाडी हाकणारा ‘ओकुझ’, म्हणजे बैल, ठरतो. आणि ज्याला प्रेमाचे दोन शब्द सुचत नाहीत असा नवरा ‘ओदुन’, म्हणजे जळाऊ लाकडाचा ओंडका! युरोपीय बाजूच्या एमिनोन्यू भागाकडे जाणाऱ्या बोटीत खिडकीची जागा स्वतः पटकावणाऱ्या नवऱ्याला एका बाईंनी हाच शब्द ऐकवला आणि लगेच तीळ लावलेल्या सिमित या कड्यासारख्या गोल पावाचा अर्धा तुकडा त्याच्या हाती ठेवला.

या बोलण्यामागे जुनी परंपरा आहे. युनेस्कोने २००९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलेल्या ‘करागोझ’ या छायानाट्यात अशिक्षित करागोझ सुशिक्षित हाजिवातच्या अलंकारिक भाषेचा विपर्यास करतो, त्याला दूषणे देतो, चोपही देतो, आणि शेवटी जिभेच्या चुकांबद्दल प्रेक्षकांची क्षमा मागतो. राग व्यक्त व्हावा, पण कोणाच्या आईबहिणीचा उद्धार होऊ नये, हे मला फार मोलाचे वाटते.

अर्थात तुर्कीतही जहरी शिव्या आहेतच, आणि तेथील दंडसंहितेच्या १२५व्या कलमानुसार एखाद्याचा अपमान करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे मित्राच्या तोंडी गोड वाटणारे ‘एशेक’ पाहुण्याने अनोळखी टॅक्सीचालकाला मुळीच ऐकवू नये.