एस्टिमेटमधली एकोणिसावी ओळ

"मॅडम, फुल इन्शुरन्स आहे. झिरो डेपसुद्धा घेतलंय."

पाण्यात बुडालेल्या गाडीच्या सर्व्हेला गेलं की बहुतेक वेळा स्वागत याच वाक्याने होतं. मी मोटार क्लेमची सर्व्हेयर. 'फुल इन्शुरन्स' हे शब्द मी आजवर एकाही पॉलिसीवर छापलेले पाहिले नाहीत, पण समोरचा माणूस आधीच हवालदिल झालेला असताना तिथे शिकवणी घ्यायची नसते. मी मान डोलावली आणि बॉनेटकडे वळले.

गाडी पेट्रोलची, चार सिलिंडरची. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये रात्रभर पाण्यात उभी होती. सीटच्या कापडावर गाळाची रेघ उमटली होती, कार्पेटला कुबट वास सुटला होता. दुसऱ्या दिवशी टो करून वर्कशॉपला आणली. मी पोचेपर्यंत त्यांनी इंजिन खोललं होतं आणि तिसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन आणि इंजिनचा फिरता दांडा (क्रँक) यांना जोडणारा रॉड, बाकावर काढून ठेवला होता. शेजारी दुसऱ्याचा सरळ रॉड. वाक बघायला मोजपट्टीची गरज नव्हती.

"चावी फिरवून बघितली होती का?"

"नाही मॅडम."

"घरातल्या कुणी?"

"दोन्ही चाव्या माझ्याकडेच होत्या. पाण्यात गाडी चालू करायची नसते, एवढं मला कळतं."

हे सगळेच म्हणतात. मी वहीत लिहिलं: 'पाण्यात सुरू केल्याची शक्यता. मालक नाकारतात.' खरं सांगायचं तर मनात 'शक्यता' वगैरे काही नव्हतं. निकाल देऊन मोकळी झाले होते.

त्याला कारणही तसंच. १२०० सीसीचं इंजिन म्हणजे एका सिलिंडरला ३०० सीसी. कॉम्प्रेशन रेशो १० धरला, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा तो वर असतानाच्या दहापट, तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर त्याच्या डोक्यावर जागा उरते जेमतेम ३३ सीसी. खोकल्याच्या औषधाची दोन-तीन टोपणं भरतील, बस्स. हवा तेवढ्यात मावते, कारण ती दाबली जाते. पाणी दाबलं जात नाही. मग पिस्टन अडतो, मागून क्रँक ढकलत राहतो आणि मधल्यामध्ये रॉड वाकतो. मात्र त्यासाठी इंजिन फिरावं लागतं. बंद इंजिनात पाणी आठवडाभर राहिलं तर गंज चढेल, रॉड वाकणार नाही.

पॉलिसीची मेख इथेच आहे. पूर हा कव्हरमधला धोका. पाण्याने सीट, वायरिंग, अल्टरनेटर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलं तर ते थेट पुराचं नुकसान. पण पाणी शिरल्यावर कुणी सेल्फ मारला आणि इंजिन गेलं, तर कंपन्या त्याला कॉन्सिक्वेन्शियल लॉस, म्हणजे मागाहून ओढवलेलं नुकसान धरतात आणि साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत ते बाहेर ठेवतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं. या गृहस्थांनी ते रिन्यूअलच्या वेळी काढून टाकलं होतं, प्रीमियम कमी दिसावा म्हणून.

"पण झिरो डेप आहे ना?"

यावर मी खुर्ची ओढून बसले. कारण हा गैरसमज मला 'फुल इन्शुरन्स'पेक्षाही जास्त छळतो. पार्ट बदलला की कंपनी त्याची झीज, म्हणजे डेप्रिसिएशन, वजा करते. त्यांच्या पॉलिसीत रबर-प्लॅस्टिकला ५० टक्के लिहिलं होतं. झिरो डेप ही वजावट माफ करतं, आणि तेवढंच करतं. जो पार्ट मुळात मिळणारच नाही, त्याची झीज माफ करून काय उपयोग? शिवाय इंजिन ऑइल, कूलंट, नटबोल्ट हे कन्झ्युमेबल्स, त्यांचं ॲड-ऑन वेगळं. डिक्कीतला लॅपटॉप गाडीचा भाग नाही. बाहेरून बसवलेला स्क्रीन पॉलिसीत नोंदवलेला नव्हता, तोही गेला. आणि डिडक्टिबल, म्हणजे मालकाने सोसायचा ठरलेला वाटा, प्रत्येक क्लेममध्ये खिशातूनच जातं. ते शांतपणे ऐकत होते. माझ्याशी एकदाही हुज्जत घातली नाही. तेव्हाच मला जरा खटकायला हवं होतं.

खटकलं ते एअर फिल्टरपाशी. फिल्टरच्या कागदावर गाळाची रेघ होती, पट्टी लावून आखल्यासारखी आडवी. चालत्या गाडीने पाणी ओढलं असतं तर कागद अस्ताव्यस्त भिजला असता, चेपला असता. ही रेघ उभ्या, संथ पाण्याची होती. म्हणजे बेसमेंटमध्ये इंजिन फिरलं नव्हतं. मग फिरलं कुठे?

उत्तर माझ्याच हातात होतं. वर्कशॉपचं एस्टिमेट. सकाळपासून मी त्यातला एकेक पार्ट तपासून खुणा करत होते, पण लेबरच्या ओळी नेहमीप्रमाणे शेवटासाठी ठेवल्या होत्या. एकोणिसावी ओळ: 'बॅटरी जंप स्टार्ट, १.' म्हणजे बाहेरच्या बॅटरीची जोड देऊन गाडी सुरू करणं.

मी ॲडव्हायझरला विचारलं, "ही जंप कधी दिली?"

तो एस्टिमेटकडे बघत राहिला. मग यार्डातल्या पोराला हाक मारली. पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा, हात ग्रीसने माखलेले. "गाडी लिफ्टवर घ्यायची होती. बॅटरी डाऊन होती, म्हणून जंप दिली. मॅडम, एकदाच मारला सेल्फ. चालू झाली आणि ठक्‌ आवाज येऊन बंद पडली."

बुडालेल्या गाडीचे आधी स्पार्क प्लग काढतात, इंजिन फिरवून सिलिंडरमधलं पाणी बाहेर उडवतात, ऑइल बदलतात, आणि मग सुरू करायचं बघतात. हे त्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं. आणि ज्याने एस्टिमेट टाइप केलं, त्याने सवयीने जंप स्टार्टचं लेबरही लावलं होतं. लपवायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं, एवढं खरं.

अहवालात मी नुकसानाचे दोन भाग केले. पाण्याचं ते पाण्याचं: अपहोल्स्ट्री, वायरिंग, इलेक्ट्रॉनिक्स, साफसफाई. रॉड आणि त्यामुळे ओरखडलेला सिलिंडर वेगळा. तो पाणी ओसरल्यावर, गाडी वर्कशॉपच्या ताब्यात असताना झालेला. अंतिम निर्णय कंपनीचा असतो. त्यांनी पहिला भाग मंजूर केला, दुसरा नाही. पण आता मालकांच्या हातात एस्टिमेटची प्रत होती. मॅनेजरने आधी आढेवेढे घेतले, "मुळात पाणी गाडीत आधीच होतं ना" इथपर्यंत मजल गेली. शेवटी इंजिनचं काम त्यांनी स्वतःच्या खर्चाने केलं.

गाडी ताब्यात मिळाली त्या दिवशी मी री-इन्स्पेक्शनला गेले होते. मालकांनी इंजिनचा आवाज नीट ऐकला, बंद केलं आणि म्हणाले, "मॅडम, पहिल्या दिवशी तुम्हाला माझं खरं वाटलं नव्हतं ना?"

"नव्हतं," मी म्हटलं.