लेकीचे दात आणि माझी दाढ

लेक २२ महिन्यांची असताना एकदा खदखदून हसली आणि वरच्या पटाशीच्या दातांवर, अगदी हिरडीला लागून, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसली. दुधाची साय चिकटली असेल म्हणून ओल्या फडक्याने पुसली. निघेना. "दुधाचे दात, पडणारच आहेत," असं घरात सगळ्यांचं मत पडलं आणि मीही तीन आठवडे गप्प बसले. मग एका दातावर तपकिरी खड्डा दिसला, तेव्हा कुठे मुलांच्या दंतवैद्याकडे गेले.

तिथली तपासणीची तऱ्हा मला नवीनच होती. मी आणि डॉक्टर समोरासमोर, गुडघ्याला गुडघे टेकवून बसलो. लेकीचे पाय माझ्या कमरेभोवती, डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. तिने भोकाड पसरलं. "रडू दे, तोंड आपोआप उघडतं," डॉक्टर म्हणाल्या आणि दोन मिनिटांत काम आटोपलं. वरच्या चारही दातांवर रेघा, खालचे चार मात्र स्वच्छ. हे कोडं त्यांनीच सोडवलं. बाटली चोखताना जीभ खालच्या दातांवर पांघरुणासारखी पसरते, शिवाय लाळेच्या ग्रंथी तिथेच जवळ उघडतात. वरचे दात दुधात भिजत राहतात.

"झोपताना बाटली?" हो. "साखर घालून?" थोडी. "रात्री उठून पुन्हा?" दोनदा.

आपण 'कीड लागली' म्हणतो, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर दात पोखरणारी अळीच असायची. अळी वगैरे काही नसते. दातावरच्या चिकट थरात जिवाणू राहतात. त्यातल्या एका मुख्य गुन्हेगाराचं नाव स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, १९२४ पासून शास्त्रज्ञांच्या ओळखीचा. साखर मिळाली की हे जिवाणू आम्ल तयार करतात आणि पीएच (आम्लपणाचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं. लाळ ते आम्ल हळूहळू मारते, पण त्याला अर्धा तास तरी लागतो आणि झोपेत लाळ फारच कमी सुटते. म्हणजे साखर किती यापेक्षा ती कितीदा, हा खरा प्रश्न. आमच्याकडे रात्रीतून तीनदा.

मग त्या म्हणाल्या, "आता तुम्ही तोंड उघडा."

माझी मागची दाढ दोन वर्षं किडलेली होती. दुखली की गोळी, नाही दुखली की विसर. हे जिवाणू बाळ जन्मतः घेऊन येत नाही, बहुतेकदा ते सांभाळणाऱ्या माणसाच्या लाळेतून, आणि त्यातही आईच्या, मिळतात. दूध गरम आहे का ते मी तिच्याच चमच्याने चाखायचे. खाली पडलेली चोखणी स्वतः चोखून 'स्वच्छ' करून तिच्या तोंडात द्यायचे. मला फार अपराधी वाटलं. डॉक्टरांनी मात्र मुके घेणं बंद करा वगैरे काही सांगितलं नाही. चमचा वेगळा ठेवा, आणि आधी ती दाढ बघा, एवढंच.

लेकीच्या दातांना फ्लोराइडचं व्हार्निश, म्हणजे दाताचं कवच मजबूत करणाऱ्या फ्लोराइडचा चिकट लेप, लावलं, छोट्या ब्रशने, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर. दात पिवळट दिसले आणि त्या रात्री घासायचे नव्हते. तपकिरी खड्ड्यावर चांदीचं एक औषध लावायचं ठरलं, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. त्याने कीड थांबते, ड्रिल लागत नाही, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. नवरा बिथरला, "फोटोत काय दिसेल!" दोन दिवस वाद चालला. दीड-दोन वर्षांच्या पोरीला भूल देण्यापेक्षा काळा ठिपका बरा, असं माझं म्हणणं होतं आणि ते टिकलं.

खरी लढाई बाटलीशी झाली. साखर पहिल्या दिवशीच बंद, मग दर दोन रात्रींनी दुधात थोडं जास्त पाणी. सहाव्या रात्री मी हरले. दोन वाजता तिच्या किंकाळ्या ऐकवेनात, निम्मं-निम्मं सोडून सगळं दूधच दिलं आणि नंतर अंधारात चाचपडत फडक्याने तिचे दात पुसले. तिसऱ्या आठवड्यात नुसतं पाणी उरलं, तेव्हा तिनेच बाटली भिरकावली.

घासण्यातही माझी एक चूक सापडली. 'गिळली तरी चालते' म्हणून बिनफ्लोराइडची पेस्ट मी मोठ्या कौतुकाने वापरत होते. आता १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची, तांदळाच्या दाण्याएवढीच. तिचं डोकं मांडीवर घ्यायचं, बोटाने वरचा ओठ उचलायचा आणि हिरडीच्या कडेने ब्रश फिरवायचा. ओठ उचलला नाही तर ती रेघ दिसतच नाही, हे मी इतके दिवस कसं केलं नाही कोण जाणे.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी दात कोरडे करून पाहिले. रेघा गेल्या नाहीत, पण पूर्वी खडूसारख्या खरखरीत होत्या, त्या आता गुळगुळीत आणि चकचकीत झाल्यात. कीड थांबल्याची ही खूण. पुन्हा व्हार्निश लावलं, पुढची तारीख मिळाली. घरी आलेल्या प्रत्येकाला लेक ओठ वर करून काळा ठिपका दाखवते. माझ्या दाढेचं रूट कॅनल झालंय, कॅप बसवायची तेवढी राहिलीय.