लग्नाची उचल

ऊसतोड कामगारांच्या मुलाखती घ्यायच्या तर पावसाळ्यात बीड जिल्ह्यात जावं लागतं. दसरा-दिवाळीला गाड्या भरून ते कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे निघतात आणि गावात म्हातारी माणसं नि शाळेतली लेकरं उरतात. जनगणनेच्या लेखी एका स्वयंपाकात जेवणारे ते एक कुटुंब. इथे अर्धं वर्ष नवरा-बायकोची चूल कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, आजीची गावात. हंगामी स्थलांतर आणि कुटुंब हाच माझा विषय, त्यामुळे धारूर तालुक्यातल्या त्या घरीही नेहमीचेच प्रश्न घेऊन गेले होते.

घरात सासू, मुलगा आणि उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली सून. सुनेचं वय सासूनं झटकन सांगितलं, "अठरा." थोड्या वेळानं शिक्षणाचा प्रश्न आला, तेव्हा सून स्वतःच बोलली, "गेल्या साली सोडली शाळा. नववीतून."

मग लग्नाच्या खर्चाकडे वळले.

"मुकादमाकडून उचल घेतली," सासू म्हणाली. मुकादम म्हणजे कारखान्यासाठी मजूर गोळा करणारा ठेकेदार, आणि उचल म्हणजे हंगामाआधी त्याच्याकडून घेतलेली, पुढे कामातून फेडायची आगाऊ रक्कम.

"तुमच्या दोघांच्या नावावर?"

"आमचं आता कुठं होतंय, ताई. या दोघांच्या."

"म्हणजे लग्नानंतर घेतली?"

"आधी. त्याच्याबिगर मांडव कशानं घालावा? एकट्या पोराला निम्मीच मिळती. जोडी ठरली म्हणून पुरी दिली."

लिहिता लिहिता थांबले. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' मानतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहते. हिशोब टनावर, दोघांचा एकत्र, आणि पैसा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या हातात. हे सगळं मला माहीत होतं. पण जी मुलगी अजून घरात आलेलीच नव्हती, तिच्या येत्या हंगामातल्या कष्टांवर तिच्याच लग्नाचं जेवण उठलं होतं. आता दिवाळीनंतर ती ते फेडणार. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, फिटलं नाही तर बाकी पुढच्या साली अंगावर.

तिचं माहेर जवळच होतं. दुपारी तिच्या आईला भेटले. पोरीचं एवढ्यात का केलं, हे मी विचारण्याआधीच तिनं सांगायला सुरुवात केली. "कोपीला दार नसतं, ताई. पहाटं आम्ही फडात. वयात आलेली पोरगी तिथं कुणाच्या भरवशावर ठेवू? इथं ठेवावी तर म्हातारीला दिसत न्हाई."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीडमध्ये हे प्रमाण 40 टक्क्यांच्या वर आहे. त्यावर पुन्हा पुन्हा अज्ञान आणि रूढी हीच कारणं सांगितली जातात. मला ते पटत नाही. कायदा या घरांना पाठ आहे, म्हणून तर सासूनं अठरा सांगितलं. नाही ते दार. 2009 चा शिक्षणहक्क कायदा मुलांना चौदा वर्षांपर्यंतच धरतो, आणि आईला पोरीची सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती नेमकी त्याच्या पुढे. त्या वयाच्या मुलींना हंगामभर राहता येईल असं भरवशाचं वसतिगृह गावाजवळ असतं, तर त्या आईशी माझं बोलणं वेगळं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

सुनेशी एकटीशी बोलायला पाच मिनिटं मिळाली, हापशावर. 1098 हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर तिला दिला. तिनं तो दोनदा म्हणून दाखवला आणि मग विचारलं, दहावीचा फॉर्म बाहेरून भरता येतो का? येतो, सतरा नंबरचा, असं सांगून तो कसा भरायचा ते तिच्या वहीत लिहून दिलं.

त्यानंतरच्या प्रत्येक मुलाखतीत मी लग्नाची तारीख आणि उचलीची तारीख शेजारीशेजारी लिहून घेते. शिवाय एक प्रश्न वाढवला आहे: उचल ठरली तेव्हा मुलीला कुणी विचारलं होतं का?