‘मॅडम, तुमच्या भागात लाइन सुरू आहे’

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, वादळ आलं की लाइन (वीज) जाणार, हे नागपूरकराला सांगायची गरज नाही. मेच्या शेवटी एका संध्याकाळी असंच अंधारून आलं, वारं सुटलं आणि मनीषनगरातल्या आमच्या गल्लीत गुलमोहराची भलीमोठी फांदी तारांवर येऊन पडली. इन्व्हर्टर, भरलेली टाकी, माठ, टॉर्च, सगळी तयारी घरात होती. त्यात काही अडलं नाही. अडलं ते तक्रारीत.

रात्री उशिरा मागच्या गल्लीत दिवे लागले. आमच्या गल्लीत मात्र अजब प्रकार. समोरच्या काकूंकडे पंखा फिरतोय, आम्ही अंधारात, शेजारीही अंधारात, त्यापलीकडे परत उजेड. वीज कंपनीच्या टोल-फ्रीवर फोन लावला, 12 आकडी ग्राहक क्रमांक सांगितला. “मॅडम, तुमच्या भागात लाइन सुरू आहे.” म्हटलं, “भागात असेल जी, माझ्या घरात नाही ना!” तक्रार नोंदवली म्हणाले. थोड्या वेळानं मेसेज आला, तक्रार निकाली. परत फोन, परत नवा तक्रार क्रमांक, परत निकाली! लाइन नाही आणि कागदोपत्री मी समाधानी ग्राहक.

सकाळी वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. खिडकीवरचे साहेब मान वर न करता म्हणाले, “फांदी आहे ना, मग झाडवाल्यांकडे जा.” झाडवाले म्हणाले, “फांदी तारेवर आहे ना, मग आधी लाइन बंद करून आणा.” या दोघांच्या मधल्या रस्त्यावर भर उन्हात मी आणि माझी स्कूटी. घरी सासूबाईंचं इन्सुलिन, तो घोर वेगळाच.

खरं काय ते कळलं बाहेर टपरीवर चहा घेणाऱ्या एका लाइनमनकडून. “ताई, त्यांना फीडर दिसतो, अख्ख्या भागाची मोठी लाइन. 11 केव्हीचा फीडर सुरू झाला की त्यांच्या हिशेबानं सगळ्यांची लाइन आली. खाली पोलवर जंपर, तारा जोडणारा तुकडा, तुटला, तीनपैकी एक फेज गेली, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळन?” म्हणूनच काही घरं उजेडात, काही अंधारात होती! मग मी त्याच्याच भाषेत तक्रार दिली: डीपी (गल्लीचा ट्रान्सफॉर्मर) सुरू आहे, अमक्या नंबरच्या पोलपुढे एक फेज नाही, तारेवर फांदी आहे. पोलचा नंबर पोलवरच रंगवलेला असतो, तो पाहून ठेवा. त्याच फेजवरच्या शेजाऱ्यांनाही आपापल्या ग्राहक क्रमांकावर हेच वाक्य बोलायला लावलं. ही तक्रार कोणी निकाली काढली नाही. दुपारी गाडी आली, लाइन बंद करून त्यांनीच फांदी छाटली आणि जंपर जोडला. आलेल्या पोरांना मठ्ठा दिला. राग त्यांच्यावर नव्हताच.

इन्सुलिनचं सांगते. फ्रिज उघडला नाही तर जेमतेम चारेक तास थंड राहतो. त्यानंतर आम्ही पेन प्लास्टिकच्या डब्यात घट्ट बंद करून छोट्या मडक्यात ठेवलं आणि ते मडकं ओल्या रेतीच्या मोठ्या मडक्यात. बर्फाला मात्र इन्सुलिन चिकटू देऊ नका, गोठलं की कामातून जातं.

गल्लीतले एक भाऊजी बांबू घेऊन फांदी ढकलायला निघाले होते. त्यांना अक्षरशः हात धरून मागे ओढलं. ओला बांबूही करंट देतो, आणि खाली पडलेल्या तारेत करंट नाही असं कधीच धरू नका.

दिवे एकदम भगभगून पेटले किंवा पंखा वेड्यासारखा फिरायला लागला, तर लगेच मेन स्विच बंद करा. न्यूट्रल (परतीची तार) तुटला की 230 च्या जागी कितीतरी जास्त व्होल्टेज येतं आणि फ्रिज-टीव्ही जळतात. एरवीही लाइन गेल्यावर फ्रिज, एसी बंद करून एकच दिवा सुरू ठेवावा. लाइन आलेली कळते, पहिला झटकाही मोठ्या वस्तूंना बसत नाही.

इन्व्हर्टरवर कूलर लावायचा मोह होतो, पण त्यानं बॅटरी लवकर झोपते. साधा पंखा 75 वॅट खातो, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. 150 एएचच्या बॅटरीवर असे दोन बीएलडीसी पंखे नि दोन एलईडी आमच्याकडे रात्रभर चालले. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर एप्रिलमध्येच भरा, वादळाच्या दुसऱ्या दिवशी दुकानात ते मिळत नाही.